आडातली ऊब आणि पोहऱ्याचा हिशेब



‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ असे आपण सहज म्हणतो. आजचा विषय या म्हणीच्या दुसऱ्या बाजूचा आहे. आडात भरपूर आहे, याबद्दल वाद नाही; पोहऱ्यात किती येते आणि तो ओढायला किती घाम गाळावा लागतो, हा प्रश्न आहे. हा आड म्हणजे जमिनीच्या पोटातली उष्णता, आणि पोहरा म्हणजे ती वर आणणारा पाइपातला द्रव. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी जमिनीत खोल बोअर घेतात, त्यांत प्लास्टिकच्या पाइपाचे वेढे सोडतात, त्यांतून द्रव फिरवतात आणि त्याने आणलेली उष्णता हीट पंपाच्या हवाली करतात. या व्यवस्थेबद्दल बोलताना सारे लक्ष खडकाकडे असते: बोअर किती खोल, खडक कोणता, त्यातून किती वॅट निघतील. मला मांडायचे आहे ते असे की ही व्यवस्था यशस्वी ठरते की नापास होते, हे बऱ्याच अंशी पाइपातल्या प्रवाहावर ठरते. जमिनीतली उष्णता फुकट आहे, तिची हमाली फुकट नाही. आणि हमालीचा दर चुकला तर चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो.

कल्पना जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते की यंत्राने उष्णता थंड जागेकडून उबदार जागेकडे ढकलता येते आणि इंधन थेट जाळण्यापेक्षा ते किफायतीचे ठरू शकते. आपल्या घरातला फ्रिज हेच करतो. आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. ही उष्णता जमिनीतून घ्यावी, या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिक झोली यांनी १९१२ मध्ये घेतले. तिला खरा बहर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर, विशेषतः स्वीडनमध्ये. तिथे आज काही लाख घरे जमिनीतल्या उष्णतेवर हिवाळा काढतात. कारण सरळ आहे. बाहेर हवा उणे पंधरा अंशांवर गेली तरी शंभर मीटर खालच्या ग्रॅनाइटला त्याची वार्ताही नसते. हीट पंपाला उष्णता जितक्या कमी ‘उंचीवर’ चढवावी लागेल तितकी वीज कमी लागते. चांगल्या यंत्राला एक युनिट वीज दिली की जमिनीतली तीन युनिटे उष्णता जोडून घरात चार पोचतात. ही चार युनिटे म्हणजे या तंत्राची सारी पत. द्रव फिरवणाऱ्या पंपाचा हिशेब या पतीलाच हात घालतो.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांच्या मनात बोअर म्हटले की शेतातली बोअरवेल येते, म्हणून एक गैरसमज आधी दूर करू. बोअरवेलचा सबमर्सिबल पंप पाणी खरोखर वर उचलतो. १८० मीटरवरून सेकंदाला अर्धा लिटर पाणी उचलायचे तर घर्षण सोडूनच सुमारे ८८० वॅट लागतात. जमिनीतल्या उष्णतेचा वेढा मात्र बंद असतो. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा पाइप एका बाजूने खाली जातो, तळाशी वळतो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. खाली जाणाऱ्या द्रवाचे वजन वर येणाऱ्या द्रवाचे वजन तोलून धरते, रहाटाच्या दोन बाजूंना सारख्या घागरी बांधाव्यात तसे. म्हणून पंपाला खोली जिंकायची नसते, फक्त पाइपाच्या भिंतीशी होणारे घर्षण जिंकायचे असते. तितकाच अर्धा लिटर प्रवाह १८० मीटर खोल वेढ्यातून, ३५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून फिरवायला, थंड गोठणरोधक द्रव धरूनही, पाच-सहा मीटर उंचीइतकाच दाब पुरतो. ही आनंदाची बातमी आहे, पण तिच्यात एक इशारा दडलेला आहे. इथे सारा खर्च घर्षणाचा आहे आणि घर्षणाचा स्वभाव चढेल आहे. खळाळत्या प्रवाहात वेग दुप्पट केला तर दाब साडेतीन पटींच्या आसपास वाढतो आणि लागणारी शक्ती सुमारे सात पट होते. उलट प्रवाह तोच ठेवून पाइपाचा आतला व्यास २६ ऐवजी ३५ मिलिमीटर घेतला, तर घर्षण चौथाईवर येते. म्हणजे आखणी करणाऱ्याच्या पेन्सिलीचा एक फटकारा पुढच्या पन्नास वर्षांचे वीजबिल ठरवतो.

मग प्रवाह शक्य तितका मंद का ठेवू नये? इथे द्रवाचा दुसरा स्वभाव आडवा येतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ असताना धार सरळ रेघेसारखी राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती फुटून नळीभर पसरली. वेग, व्यास आणि द्रवाचा दाटपणा या तिघांच्या मेळातून ही मर्यादा ठरते, आणि त्यांना एका आकड्यात गुंफणारा तो रेनॉल्ड्स अंक. तो साधारण २,३०० च्या खाली असेल तर द्रव थराथरांनी सरकतो; त्यापुढे संक्रमणाचा टापू लागतो आणि काही हजारांवर प्रवाह पुरता खळाळू लागतो. उष्णतेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. थरांच्या प्रवाहात भिंतीजवळची ऊब मधल्या द्रवापर्यंत झिरपत झिरपत पोचते. खळाळत्या प्रवाहात घुसळण होते आणि देवाणघेवाण कित्येक पट वेगाने होते. स्वीडनसारख्या देशात अडचण अशी की द्रव शून्य अंशाच्या आसपास फिरतो, म्हणून पाण्यात इथेनॉल मिसळावे लागते. साधारण पाव भाग इथेनॉल घातले की मिश्रण उणे पंधरा अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही; पण त्या थंडीत त्याचा दाटपणा त्याच तापमानाच्या पाण्याच्या तिपटीच्या घरात जातो. गोठण्यापासून मिळालेल्या विम्याचा हप्ता असा दाटपणाच्या रूपाने भरावा लागतो. म्हणूनच ‘असू द्यावे जरा जास्त’ म्हणून गोठणरोधक वाढवणे हा निरुपद्रवी सावधपणा नव्हे.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. एका घरासाठी १८० मीटरचा एक बोअर आहे. कडाक्याच्या थंडीत त्याच्या प्रत्येक मीटरमधून ३० वॅट, म्हणजे एकूण ५.४ किलोवॅट उष्णता निघते. हीट पंपाचा कॉम्प्रेसर १.८ किलोवॅट वीज घेतो आणि घराला ७.२ किलोवॅट मिळतात. द्रव इथेनॉलमिश्रित, पाइप ३५ मिलिमीटरचा. प्रवाह सेकंदाला अर्धा लिटर ठेवला तर रेनॉल्ड्स अंक ३,३०० च्या आसपास येतो. घुसळण सुरू झालेली असते. ०.३ लिटर ठेवला तर अंक २,००० च्या खाली जातो आणि प्रवाह थराथरांचा होतो. लहान पंपाची एकूण कार्यक्षमता ३० टक्के धरली तर बोअरमधल्या पाइपापुरती पहिल्या पर्यायाला सुमारे ९० वॅट वीज लागते, दुसऱ्याला १५ वॅट. फरक ७५ वॅटचा. दुसऱ्या पारड्यात काय आहे? घुसळण थांबल्याने भिंत आणि द्रव यांच्या तापमानातले अंतर सुमारे दोन अंशांनी वाढते. शिवाय मंद द्रव जाता-येता जास्त गार होतो, त्याचा आणखी जवळजवळ एक अंश. म्हणजे हीट पंपाला तीन अंश अधिक थंड द्रवाशी झुंजावे लागते. एका अंशामागे कॉम्प्रेसरची वीज साधारण अडीच टक्क्यांनी वाढते असे धरले तर हे नुकसान १३५ वॅटच्या आसपास जाते. ७५ वॅट वाचवायला १३५ वॅट घालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. खळाळता प्रवाह जिंकला, आणि बरेच अभियंते हिशेब इथेच संपवतात. प्रवाह नेहमी खळाळता हवा, हा नियम इथूनच जन्माला येतो.

पण कडाक्याचे दिवस वर्षात मोजकेच असतात. हिवाळ्याचा बहुतेक काळ घराला पूर्ण भाराच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी ऊब लागते. वेग बदलणारा कॉम्प्रेसर अशा वेळी हळू चालतो. अर्ध्या भारावर बोअरच्या मीटरमागे १५ वॅटच निघतात. उष्णतेच्या वाटेतला अडथळा तोच राहिला तरी त्यातून जाणारी उष्णता निम्मी झाली, म्हणून तीन अंशांचे नुकसान दीड अंशावर येते, आणि तेही ९०० वॅटच्या कॉम्प्रेसरवर. हिशेब केला तर ते ३४ वॅट भरते. पंपावर वाचतात ते मात्र पूर्वीइतकेच, ७५ वॅट. निकाल उलटला. बोअर तोच, पाइप तोच, द्रव तोच. काल जो प्रवाह शहाणपणाचा होता तो आज उधळपट्टीचा ठरला. यातून निघणारा निष्कर्ष हा माझ्या मांडणीचा कणा आहे. प्रवाहाचा खळाळ हा गुण म्हणून पुजायचा नाही आणि संथपणा दोष म्हणून टाळायचा नाही. अडथळ्याचे नुकसान उष्णतेच्या भाराबरोबर कमी-जास्त होते, पंपाचा खर्च प्रवाहाबरोबर. दोन्हींची बेरीज ज्या प्रवाहाला सर्वांत कमी होते तो त्या घटकेचा योग्य प्रवाह, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ज्या व्यवस्थेत कॉम्प्रेसर अठराशे वॅट घेतो, तिथे नव्वद वॅटच्या पंपासाठी एवढा कीस कशाला काढायचा? पाच टक्क्यांचाच तर प्रश्न आहे. पाच टक्के बरोबर आहेत, पण पंप कॉम्प्रेसरबरोबर थांबत असेल तरच. कॉम्प्रेसर वर्षात अडीच हजार तास पूर्ण भाराइतके काम करतो असे धरा; त्याची वीज ४,५०० युनिटे. पंप त्याच्याबरोबर चालू-बंद झाला तर २२५ युनिटे घेतो. तोच पंप कोणी ‘राहू दे चालू’ म्हणून वर्षभर फिरता ठेवला तर सुमारे ७९० युनिटे खातो, म्हणजे कॉम्प्रेसरच्या साडेसतरा टक्के. ठिपकणारा नळ आणि उघडा नळ यांत फरक आहेच. पण ठिपकणारा वर्षभर ठिपकत राहिला तर टाकी तोही रिकामी करतो. दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. पंपाची वीज शेवटी घर्षणाने उष्णताच होते आणि हिवाळ्यात ती द्रवालाच मिळते. मग वाया काय गेले? वाया गेली ती पत. कॉम्प्रेसरला दिलेले एक युनिट घरात चार होऊन येते, घर्षणात घातलेले एक युनिट एकच राहते. विजेच्या शेगडीचेच काम करून घ्यायचे होते तर १८० मीटर खडक फोडण्याचे कारण नव्हते. उन्हाळ्यात हीच यंत्रणा इमारत थंड करत असेल तर पंपाची ही उष्णता उलट जमिनीवर लादलेले जास्तीचे ओझे होते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला अर्धे मान्य करावेच लागते. प्रवाह फार मंदावला तर खोल बोअरमध्ये नवेच दुखणे सुरू होते. खाली जाणारा गार पाइप आणि वर येणारा उबदार पाइप हातभर अंतरावरही नसतात. तळाशी कमावलेली ऊब वर येता येता शेजारच्या गार पाइपाला देऊन टाकली जाते. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात. ही आतल्या आतली गळती बोअरच्या लांबीच्या वर्गाने वाढते आणि प्रवाहाच्या वर्गाने घटते. म्हणजे त्याच प्रवाहावर खोली दुप्पट केली तर हा तोटा चौपट. १८० मीटरला ज्याकडे दुर्लक्ष चालते, ते ३०० मीटरला चालत नाही. म्हणून संथ प्रवाहाला एक खालची मर्यादा असते आणि ती प्रत्येक बोअरसाठी वेगळी काढावी लागते. बोअर खोल करत जाण्याची जिथे चढाओढ आहे, तिथे मोठ्या व्यासाचा पाइप घेतल्याशिवाय हे गणित जुळत नाही. पण मोठा पाइप हाही रामबाण उपाय नाही, कारण त्याच प्रवाहाला व्यास वाढला की रेनॉल्ड्स अंक उतरतो. इथे प्रत्येक सोय काहीतरी वसूल करून घेते.

एका घराचा एक बोअर सोडून शेकडो बोअरच्या मैदानाकडे गेलो की प्रवाहशास्त्राचे महत्त्व आणखी वाढते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी इथल्या बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे बॉयलर बंद करण्यासाठी सुमारे ३,६०० बोअरची व्यवस्था उभी केली. इतक्या बोअरना समांतर जोडले की द्रव आपणहून सारखा वाटला जाईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पंपाजवळच्या ओळीला जास्त पाणी आणि टोकाच्या ओळीला कमी, हा त्याचा रोजचा अनुभव. समजा, खडक आड आल्याने एक बोअर १०० मीटरवर थांबला आणि शेजारचा २०० मीटर गेला. दोन्ही एकाच जोडनळीला जोडले तर घर्षणाच्या नियमाने लांब बोअरला आखूड बोअरच्या दोन-तृतीयांशच प्रवाह मिळतो. काम दुप्पट, मजुरी दोन-तृतीयांश. थराथरांच्या प्रवाहात तर आणखी एक कल दिसतो: ज्या बोअरमध्ये द्रव जास्त गार, तिथे तो जास्त दाट, म्हणून प्रवाह कमी, म्हणून आणखी गार. उपाय अवघड नाहीत. मुख्य नळ्या ऐसपैस घ्याव्यात, म्हणजे बहुतेक दाब बोअरमध्येच खर्च होईल आणि वाटप आपोआप सारखे राहील. परतीची नळी अशी फिरवावी की प्रत्येक बोअरमधून जाणाऱ्या द्रवाची वाट सारख्या लांबीची होईल. बोअर लहान गटांत बांधून प्रत्येक गटाला झडप द्यावी. वेढ्यात अडकलेली हवा बाहेर काढायला सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो, हा प्रचलित निकष योग्यच आहे. पण तो वेग धुलाईच्या दिवशी बाहेरून आणलेल्या मोठ्या पंपाने साधायचा असतो. एका दिवसाच्या कामासाठी कायमचा पंप मोठा बसवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीचे पातेले रोजच्या वरणाला चढवणे.

इतके सगळे माहीत असताना चुका का होतात? एक कारण मापनाच्या पद्धतीत आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात योहान क्लासॉन, पेर एस्किल्सन आणि यॉरान हेल्स्ट्रॉम यांनी बोअरभोवतालच्या खडकाचे गणित भक्कम पायावर उभे केले, आणि बोअरची चाचणी कशी घ्यावी याची कल्पना पाल्ने मोगेन्सेन यांनी १९८३ मध्ये मांडली. वेढ्यातून गरम द्रव फिरवून तापमान कसे चढते ते पाहायचे आणि त्यावरून खडकाची वाहकता व बोअरचा अडथळा काढायचा, ही ती चाचणी. ती आता जगभर होते आणि ती मोलाची आहे. पण चाचणीत द्रव सहसा साधे पाणी असते, त्यात उष्णता सोडलेली असते आणि प्रवाह जोरात असतो. म्हणजे रेनॉल्ड्स अंक चांगला वर असतो. तिथे मिळालेला बोअरचा अडथळा जानेवारीतल्या गार, दाट, मंद द्रवाला जसाच्या तसा लावला, तर कागदावरचा बोअर आणि जमिनीतला बोअर यांची फारकत होते. खडकाचा आकडा खडकाचा आहे; अडथळ्याचा आकडा त्या दिवसाच्या प्रवाहाचा आहे.

दुसरे कारण जबाबदारीच्या वाटणीत आहे. बोअर घेणारा एक, पंप निवडणारा दुसरा, वीजबिल भरणारा तिसरा. पंप लहान पडला तर तक्रार येते, मोठा ठरला तर कोणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर ‘थोडे जास्त’ घातले जाते आणि थोड्या-थोड्याचे डोंगर होतात. यावर अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे स्टीफन कॅव्हनॉ यांनी सुचवलेला उपाय मला फार समंजस वाटतो. त्यांनी पंपांना शाळेसारख्या श्रेणी दिल्या. १०० टन शीतन-क्षमतेच्या यंत्रणेमागे पंप ५ अश्वशक्तीपर्यंत असेल तर ‘ए’, १५ अश्वशक्तीच्या वर गेला तर ‘एफ’, म्हणजे नापास. या मोजपट्टीत बारकावे नाहीत, अर्ध्या भाराचा विचार नाही, हे मान्य. पण ती मालकालाही वाचता येते, आणि जे वाचता येते त्याचा जाब विचारता येतो. तिच्या जोडीला आणखी एक आकडा मागावा: पंपासकट साऱ्या यंत्रणेने वर्षभरात एका युनिट विजेमागे किती युनिटे उष्णता दिली. यंत्राच्या माहितीपत्रकावरचे ‘चार’ मालकाच्या घरात तीनच का झाले, हे त्या आकड्यातून उघडे पडते.

आपल्याकडे हे तंत्र थंडी भागवण्यासाठी येणार नाही. आले तर इमारती गार करण्यासाठी येईल. पुण्यासारख्या ठिकाणी खोलवरची जमीन हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, पंचवीस अंशांच्या घरात असते. तिथे गोठण्याची भीती नाही, म्हणून साधे पाणी चालते. तीस अंशांचे पाणी शून्य अंशाच्या इथेनॉल मिश्रणापेक्षा सुमारे सात पट पातळ असते. परिणामी, ज्या पाइपात स्वीडनमध्ये पुरता खळाळ यायला सेकंदाला अर्ध्या लिटरहून अधिक प्रवाह लागतो, त्यात इथे त्याच्या सातव्या हिश्शातच खळाळ येतो. उत्तरेच्या देशांतली कोष्टके जशीच्या तशी उचलली, तर त्यांच्या थंडीचा दंड आपण आपल्या उकाड्यात भरू. अर्थात प्रवाह कितीही नेमका ठेवला तरी, सतत उष्णता ओतत राहिलेली जमीन तापत जाणारच. ते दुखणे आडाचे आहे, पोहऱ्याचे नाही, आणि त्याचा इलाज वेगळा.

मी खडकाचे महत्त्व कमी करत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे खरेच. पण खडक बदलणे आपल्या हाती नसते. पाइपाचा व्यास, जोडणीची रचना, मिश्रणातले इथेनॉल, पंपाचा वेग आणि तो थांबवण्याची वेळ, हे सारे आपल्या हाती असते. यातल्या बहुतेक गोष्टींना बोअर आणखी वीस मीटर खोल नेण्याइतकाही खर्च येत नाही. खोली वाढवून आश्वस्त होणे सोपे असते, कारण ती खर्चाच्या पावतीवर दिसते. वेळीच बंद झालेल्या पंपाची पावती कोणी देत नाही. ती वर्षअखेरीच्या वीजबिलात, न आलेल्या साडेपाचशे-पाचशे साठ युनिटांच्या रूपाने मिळते.